दुखत नाही, म्हणून राहू दे?



आपल्याकडे मुतखड्याला कोणी आजार मानतच नाही. "कुळथाचं पाणी पी, पानफुटीची पानं खा, पडून जाईल." छोटे खडे पडतातही, नुसत्या पाण्यानेही पडतात, श्रेय मात्र पानफुटीला! असो. माझं भांडण आहे ते "आता दुखत नाही ना, मग राहू दे" या वाक्याशी.

खडा तसाच राहिला, वारंवार जंतुसंसर्ग होत गेला, की काही वेळा तो वाढत वाढत हरणाच्या शिंगांसारखा फांद्यांचा होतो. डॉक्टर त्याला स्टॅगहॉर्न म्हणतात. तो कळा देईलच असं नाही. सारखी उन्हाळी लागते, कंबर जड वाटते, कधी बारीक ताप येतो. आपण धने-जिऱ्याचं पाणी पितो, मेडिकलमधून गोळ्या आणतो आणि खडा आत वर्षानुवर्षं घासत राहतो. त्या घासण्याने, सुजेने किडनीत लघवी गोळा होते तिथलं अस्तर बदलतं आणि अगदी थोड्या जणांना तिथे स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा कॅन्सर होतो. किडनीच्या शंभर कॅन्सरमध्ये एकही नसावा इतका दुर्मीळ. तेव्हा खडा निघाला म्हणून घाबरून जाऊ नका. पण त्याची वेगळी खूण नसते. दुखणं खड्याचं, रक्तही खड्याचंच, असं सगळे धरून चालतात. पुष्कळदा तो कळतो तो निकामी किडनी काढून तपासायला पाठवल्यावर, आणि तोवर बहुधा पसरलेला असतो. कॅन्सर नाही झाला तरी असा खडा किडनी खातोच.

घरात पुरुषाला खडा झाला की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. बाईचा असला की पर्युषण झाल्यावर, मग मुलाची परीक्षा झाल्यावर, मग नणंदेचं लग्न झाल्यावर. याला सोशिकपणा म्हणतात आणि वर तपाचं नाव देतात. तप ठरवून, पच्चक्खाण घेऊन करतात हो!

चौविहार पाळणाऱ्यांनी तर पाण्याचा हिशोब दिवसाउजेडीच करायला हवा. खडे होणाऱ्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी लागतं. आपण घरादारासाठी पाणी गाळतो, उकळतो, भरून ठेवतो. आणि सूर्यास्ताला दहा मिनिटं उरली की स्वतः दोन पेले घटाघटा.

कपाटात साड्यांखाली जुना रिपोर्ट असेल, तर तो काढून तारीख बघा. लघवीत रक्त दिसलं, अगदी एकदाच आणि न दुखता, तरी युरॉलॉजिस्टकडे जा. नणंदेचं लग्न होईल.