उसाचे रान आणि देवांचे मुखवटे

आपल्या विहारांत भिंतीवर बहुधा दोनच चित्रे असतात : एक भगवान बुद्धांचे, दुसरे परमपूज्य बाबासाहेबांचे. ती असावीत, याविषयी वाद नाही. परंतु आपला एखादा तरुण चित्रकार घोड्याच्या तोंडाची माणसे, शरीराहून मोठी पावले, हातांना फुटलेली पाने असे काही काढू लागला, की आपल्यातलेच जाणते लोक त्याला विचारतात : ही भुतेखेते कशासाठी? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याला हे शोभते काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला विफ्रेदो लाम या क्यूबन चित्रकाराची आठवण होते.

लाम यांचा जन्म १९०२ साली साग्वा ला ग्रांदे या गावी झाला. वडील चीनमधून आलेले. आईच्या वंशात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन. क्यूबात गुलामगिरी संपली १८८६ साली, म्हणजे लाम यांच्या जन्माआधी अवघी सोळा वर्षे. त्यांची धर्ममाता मान्तोनिका विल्सन ही आफ्रिकन दैवतांच्या सान्तेरिया पंथातील पुजारीण होती. मुलाने हा वारसा चालवावा अशी तिची इच्छा होती. त्याने दीक्षा घेतली नाही. १९२३ साली लाम स्पेनला गेले, तेथील यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले आणि १९३८ साली पॅरिसला पोहोचले. तेथे पिकासो यांचा स्नेह लाभला. आंद्रे ब्रेतों आदी अतिवास्तववाद्यांच्या मंडळात त्यांचा प्रवेश झाला. पुढे नाझी फौजा आल्या, आणि १९४१ साली ते मायदेशी परतले.

परतल्यावर त्यांना काय दिसले? काळ्या माणसाच्या दैन्यात फरक पडला नव्हता, आणि त्याचे नृत्य व त्याची श्रद्धा मात्र परदेशी प्रवाशांच्या करमणुकीची वस्तू झाली होती. या संतापातून १९४२-४३ मध्ये 'ला हुंग्ला', म्हणजे 'रान', हे चित्र उभे राहिले. कागदावर रंगवून कॅनव्हासवर चढविलेले हे चित्र सुमारे आठ फूट उंच व जवळजवळ तेवढेच रुंद आहे. निळ्या-हिरव्या काळोखात चार आकृती दाटीने उभ्या आहेत. तोंडे चंद्रकोरीच्या मुखवट्यांसारखी, पावले प्रचंड, आणि पाय कोठे संपतात व उसाची कांडी कोठे सुरू होतात ते कळत नाही. नाव रान, पण ऊस काही रानात आपोआप उगवत नाही. तो लावावा लागतो, तोडावा लागतो, आणि क्यूबात शतकानुशतके तो कोणाच्या पाठीवर कोरडे ओढून तोडला गेला, हे जगाला ठाऊक आहे.

युरोपातील अतिवास्तववादी स्वप्नांच्या शोधात निघाले होते, कारण सुशिक्षित समाजाच्या कोरड्या तर्काचा त्यांना उबग आला होता. लाम यांना स्वप्न शोधण्याची गरज नव्हती. माणसाची गणना मालमत्तेत करणारी व्यवस्था स्वतःच एक विद्रूप स्वप्न होती, आणि ती घडून गेली होती. आमच्याकडे मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात आजही 'एक कोयता' म्हणतात. उचल दिली जाते ती कोयत्यावर. दोन माणसांचे एक अवजार करणाऱ्या त्या हिशेबापुढे लाम यांच्या आकृती आम्हांला मुळीच विचित्र वाटत नाहीत.

आता देवांचा प्रश्न. लाम यांच्या मुखवट्यांत आफ्रिकन दैवतांची छाया आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चितारणे म्हणजे नमस्कार करणे नव्हे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात माराचे आक्रमण रंगविले आहे. त्यातील अक्राळविक्राळ सेना चितारणाऱ्या कलावंतांना माराचे उपासक कोणी म्हटलेले नाही. आपली चित्रकला ही मनाला वसाहतीच्या दास्यातून सोडविण्याची कृती आहे, असे लाम सांगत. चौदा ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले, ते ज्यांना समजले त्यांना मनाचे दास्य म्हणजे काय हे निराळे सांगावे लागू नये.

तरी एक भेद नजरेआड करून चालणार नाही. गुलामांनी आपली दैवते ख्रिस्ती संतांच्या नावाआड लपवून मालकापासून वाचविली. ती त्यांचा आसरा होती. आमच्या माथी जे देव होते, त्यांतील कित्येकांच्या दारात आम्हांला उभे राहू दिले जात नव्हते. आणि जे खास आमच्या वाट्याला आले, त्यांनी आमच्याकडून पोतराज आणि देवदासी मागून घेतल्या. म्हणून आमच्या चित्रकाराने लाम यांची नक्कल केली तर ती खोटी ठरेल. स्वतःच्याच पाठीवर आसूड ओढणारा पोतराज त्याने जरूर काढावा, आणि तो इतका विद्रूप काढावा की त्याच्या गाड्यापुढे पुन्हा कोणी नारळ फोडू नये. नागपूरचे सवी सावरकर यांनी देवदासी आणि गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य चितारला, तेव्हा ते देवाच्या भक्तीने चितारले काय?

'रान' न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४५ साली विकत घेतले. पुढे बरीच वर्षे ते प्रवेशदालनात, पाहुण्यांचे कोट ठेवून घेण्याच्या खोलीजवळ टांगलेले होते. पिकासो आत, दालनांत. १९८८ साली जॉन याउ या कवी-समीक्षकाने या जागेबद्दल जाहीर जाब विचारला. पायरीवर उभे करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याच संग्रहालयाने लाम यांच्या समग्र कामाचे मोठे प्रदर्शन भरविले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये. लाम १९८२ सालीच पॅरिसमध्ये निवर्तले होते.