टोपीचं माप

दिवाळीच्या सुट्टीत बारडोलीला आत्याकडे जाऊन आलो. सुरत जिल्ह्यातलं हे गाव आपल्याला शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक असतं. १९२८ साली सरकारने वाढवलेला शेतसारा शेतकऱ्यांनी भरला नाही, सरकारला अखेर नमतं घ्यावं लागलं आणि वल्लभभाईंना ‘सरदार’ ही पदवी याच लढ्यात मिळाली. इतिहास शिकवत असल्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ. पण या खेपेस अहिंसेच्या त्या गावात मी चक्क काडतुसाचा धडा घेऊन आलो!

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, मूळचे संकेश्वरचे. (आत्याच्या नवऱ्याला आपण मामा म्हणतो, कन्नड शेजारी ‘माव’ म्हणतात. दोन्ही भाषांनी नातं एकाच खुंटीला टांगलंय.) साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून ते तरुणपणीच तिकडे गेले आणि तिथलेच झाले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. यंदा आतेभावाने माळा साफ करायला काढला, तर जुन्या गाद्यांमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत पंधरा-वीस रिकामी पितळी काडतुसं, एक गुळगुळीत लाकडी दांडी आणि दोन चपट्या डब्या. एकीत मसुराएवढ्या तांब्याच्या टोप्या, दुसरीत जरा मोठ्या.

मामांकडे बारा बोअरची परवान्याची बंदूक होती, हे मला माहीत होतं. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वी रीतसर परवाना घेऊन शिकार करता येत असे, त्या काळातली. पुढे ती त्यांनी परवानाधारक दुकानदाराला विकून टाकली. बंदूक गेली, डबा मात्र राहिला.

आत्याचा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याने एक काडतूस उचललं, त्याच्या बुडातल्या खळग्यात एक टोपी ठेवून पाहिली. ती सैल बसली. दुसऱ्या डबीतली ठेवली, ती वरच अडकली. “काका, ही थोडी दाबली तर बसेल,” असं म्हणत तो पक्कड शोधू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्या ओरडली, “खाली ठेव ते! आधी खाली ठेव!”

आत्याला इतकं चढ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मामांच्या उजव्या अंगठ्याला पेर नव्हतं. भुवईवर एक व्रण होता. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की कारखान्यात यंत्रात हात गेला. त्या दिवशी आत्याने खरं काय ते सांगितलं. १९६७ साली मामांना तयार काडतुसं मिळेनात, म्हणून ते घरीच रिकाम्या काडतुसांत नव्या टोप्या बसवायला बसले. मोठी टोपी लहान खळग्यात जाईना, तेव्हा त्यांनी ती जोर लावून दाबली. ती हातातच फुटली. अंगठा गेला, तांब्याचा कपचा डोळ्याच्या वर अर्ध्या बोटावर घुसला. “माहेरी कळलं असतं तर बाबांनी मला परत नेलं असतं,” आत्या म्हणाली. पन्नासहून अधिक वर्षं तिने ही गोष्ट गिळून ठेवली होती.

ही टोपी म्हणजे काय, ते मी परत आल्यावर नीट वाचून काढलं. पूर्वी बंदुकीच्या कानात रंजक घालून गारगोटीच्या ठिणगीने ती पेटवत. भडका आधी उडायचा, बार मागून व्हायचा, तोवर पाखरं उडून जायची. फॉर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्रीबाबांना शिकारीचा शौक होता. आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढून त्यांनी १८०७ मध्ये पेटंट मिळवलं. पुढे ही दारू तांब्याच्या इवल्याशा टोपीत घालू लागले. आपल्याकडची ठासणीची, टोपीची बंदूक ती हीच. कन्नड मुलखात तिला ‘केपिन कोवी’ म्हणतात आणि काडतुसाच्या बंदुकीला ‘तोटे कोवी’. मराठी माणसाला त्यात तोटाच ऐकू येतो. आपला ‘काडतूस’ शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आलेला.

काडतूस आलं तशी बाहेरची टोपी त्याच्या बुडात जाऊन बसली. चाप ओढला की टाचणी टोपीवर आदळते. आतली दारू टाचणी आणि एका छोट्या ऐरणीच्या मध्ये चेंगरते, पेटते आणि छिद्रातून ठिणगी आत जाते. ही ऐरण कुठे असावी यावर दोन पंथ झाले. दोघांचीही पेटंटं १८६६ च्या सुमाराची. अमेरिकेच्या बर्डनने ऐरण काडतुसाच्या बुडातच घडवली. इंग्लंडच्या बॉक्सरने ती टोपीत घातली, म्हणजे लोहार ऐरण काखेत घेऊनच फिरतो म्हणा. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपात बराच काळ अमेरिकनाची चालली. बर्डनच्या टोप्यांची मापं तर ढीगभर. जुन्या पितळी काडतुसांतही कारखान्यागणिक खळगा वेगळा. मामांच्या दोन डब्यांचं मूळ इथे असावं.

आज बॉक्सर पद्धतीत मुख्य मापं दोनच, लहान ४.४५ मिलिमीटर आणि मोठं ५.३३. छऱ्याच्या प्लास्टिक काडतुसाची टोपी वेगळी, सहा मिलिमीटरहून थोडी मोठी. लहान-मोठ्यात पुरता एक मिलिमीटरही फरक नाही. बरं, रुंदी जुळली म्हणजे झालं, असंही नाही. मोठ्या मापात पिस्तुलाची आणि रायफलीची टोपी रुंदीला सारखी, पण रायफलीची सुमारे ०.२ मिलिमीटर उंच आणि तिचा पत्रा जाड. ती पिस्तुलाच्या काडतुसात घातली तर डोकं वर काढते आणि बंदूक मिटतानाच आघात बसण्याचा धोका. उलट पिस्तुलाची पातळ टोपी रायफलीत घातली तर दाबाने तिला भोक पडतं आणि जळता वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. पॉइंट पंचेचाळीस पिस्तुलाचं तर एकच काडतूस आता दोन्ही मापांच्या खळग्यांत मिळतं. बाहेरून जुळी भावंडं, उलटं करून बूड पाहावं तेव्हा कळतं.

पत्नीला हे सांगत होतो. ती म्हणाली, “कासार हात बघून बांगडीचं माप सांगतो, तसं काही नाही का?” नाही. बांगडी चुकली तर फुटते आणि मनगटावर ओरखडा येतो, एवढंच. शिवाय आमचा कासार तरी साबण लावतो.

डब्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. आतेभाऊ म्हणाला, भंगारवाल्याला देऊ. नातू म्हणाला, पितळ आहे, शोकेसमध्ये ठेवू. मी कायदा काढून पाहिला. बंदूक घरात नसली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच ठरतात. परवान्याशिवाय घरी काडतूस बनवणं गुन्हा आहे. परवानाधारक वारला किंवा परवाना संपला तर उरलेली वस्तू विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी, असं कलम २१ सांगतं. इंग्रजांनी १८७८ मध्ये केलेला कायदा याहून जाचक होता. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी अकरा मागण्या मांडल्या, त्यांत मिठाच्या कराशेजारी स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, हीही एक होती. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास डोळे विस्फारतात. असो.

डबा स्कूटरवरून न्यायचा नाही, असं मी बजावलं. धक्क्याची भीती होती आणि वाटेत कोणी अडवलं तर काय सांगणार? आधी ठाण्यावर फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघे आले. आम्ही डबा पडवीत, उन्हापासून आणि चुलीपासून लांब ठेवला होता. टोप्या मोजल्या गेल्या, पंचनामा झाला, आत्याने चहा केला. वयस्क हवालदाराने मामांचा फोटो पाहिला आणि विचारलं, “अंगठा यातच गेला का?” आतेभाऊ नेहमीच्या सवयीने “कारखान्यात” म्हणायला लागला.

“यातच,” आत्या म्हणाली.

काडतुसं, दांडी, डब्या सगळं त्यांनी पिशवीत घालून नेलं. पत्र्याचा डबा मात्र आत्याने मागून घेतला. तीनदा घासला, उन्हात वाळवला. आम्ही निघालो तेव्हा त्यात शंकरपाळे भरून तिने तो आमच्या हातात दिला.