‘ते ओशन राहिलं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

दिल्लीत पोस्टिंगला आल्यापासून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी घड्याळ बघतो. “इंडियन ओशन आता ते राहिलं नाही.” मेसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे. दिल्लीकर या बँडबद्दल बोलायला लागले की मला आमच्याकडचे बालगंधर्वांबद्दल बोलणारे म्हातारे आठवतात. डोळे अर्धे मिटलेले, मान हलतेय आणि समोर आत्ता जो गातोय त्याच्याकडे लक्ष नाही.

माझ्या वाचकांतल्या ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९० मध्ये दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी तो सुरू केला. नंतर राहुल राम बास गिटार घेऊन आले, अमित किलाम ड्रमवर आले आणि ही चौघांची जोडणी दीडएक दशक टिकली. करोल बागेतलं एक जुनं घर हा त्यांचा अड्डा. २००० साली ‘कंदिसा’ आला आणि तो कॅसेटवर घरोघरी गेला. पुढे ‘झिनी’, मग ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत. रॉक म्हणायचं, पण असीम मांडी घालून बसत, पुढ्यात तबला, आणि गळा असा की मागच्या रांगेतला माणूस खुर्चीतून पुढे सरकायचा. २५ डिसेंबर २००९ ला हृदयविकाराने ते गेले. वय अवघं ५२. २०१३ मध्ये सुस्मित बाहेर पडले. आज मूळच्या दोघांपैकी बँडमध्ये एकही नाही.

असीम गेल्यावर त्यांच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली. गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती. एक माणूस तबला वाजवता वाजवता गात होता, त्या एका खुर्चीवर दोघे बसले. सुस्मितच्या जागी निखिल राव आले. ही झाली ‘नव्या’ लोकांची यादी.

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजच्या मैदानावर मी त्यांना ऐकलं. थंडी अशी की फौजी स्वेटर सिव्हिल जॅकेटच्या आत घालून गेलो होतो. माझ्या डाव्या हाताला पन्नाशीच्या आसपासचे चौघे, बहुतेक एकाच बॅचचे मित्र. उजवीकडे कॉलेजची पोरंपोरी. ‘कंदिसा’ सुरू झालं. चौघांतला एक लगेच म्हणाला, असीमदांनी ही जागा अशी घेतली नसती. दुसरा म्हणाला, गिटार फारच इलेक्ट्रिक झालीय. तिसऱ्याने मोबाइल काढला आणि जुनं रेकॉर्डिंग कानाला लावलं. समोर पाच जिवंत माणसं वाजवतायत आणि हा गृहस्थ कानात कॅसेटच्या जमान्यातलं गाणं ऐकतोय! उजवीकडची पोरं मात्र अक्षर न् अक्षर म्हणत होती. त्यातली एक मुलगी हिमांशूंच्या आलापासोबत तोच आलाप घेत होती, बऱ्यापैकी सुरात.

ती पोरं जन्मली तेव्हा ‘कंदिसा’ येऊन चारपाच वर्षं झाली असतील. असीम गेले तेव्हा ती बालवाडीत. त्यांनी मंचावर दुसरा आवाज कधी ऐकलेलाच नाही. त्यांच्यासाठी हिमांशू जोशी हाच इंडियन ओशनचा आवाज. असीम त्या बँडमध्ये १९ वर्षं होते. हिमांशू आणि तुहीन यांना आता १५ वर्षं झाली. फौजेत १५ वर्षं झाली की शिपाई पेन्शनीला पात्र होतो, घरी जाऊन पोरीचं लग्न ठरवायला लागतो. आणि इथे पंधरा वर्षं उन्हापावसात, विमानतळांवर, साउंडचेकच्या रांगांत घालवूनही माणूस ‘नवा’! रंगरूट तरी काही महिन्यांत कसम परेड करून पक्का होतो.

आमच्या मेसमधले एक साहेब या वादात नेहमी पलटणीचं उदाहरण देतात. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, १७६८ ची आहे. तेव्हाचा एक माणूस उरलेला नाही, उरणं शक्यही नाही, तरी पलटण तीच. मग बँडलाच हा नियम का नको? ऐकायला बरं वाटतं, पण मला हे निम्मंच पटतं. फौज मुद्दामच अशी बांधलेली असते की एक माणूस पडला तर दुसरा त्याच रायफलीवर, त्याच हुकमावर उभा राहील. ड्रिल असते ती त्यासाठीच. चार कलाकारांचा बँड असा बांधत नाहीत. असीमचा गळा कोणत्याही कोतात जमा नव्हता की पावती फाडून पुढच्याला दिला. त्यामुळे डावीकडच्या चौघांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. काहीतरी गेलंय आणि ते परत येणार नाही. माझं भांडण आहे ते त्या दुःखाचं बिल हिमांशूंच्या नावे फाडण्याशी.

हे मी फौजेत जवळून पाहिलंय. आमच्या युनिटच्या मंदिरात रविवारी भजन असायचं आणि ढोलकीवर एक हवालदार बसायचे, कोल्हापूरकडचे. त्यांची थाप अशी की एरवी मंदिराकडे न फिरकणारेही पायरीवर येऊन बसत. सुट्टीवर गावी गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन संपले. महिन्याभराने एक पोरगा पोस्टिंगवर आला, वाशिमचा. ढोलकी येते म्हणाला. वाजवायचाही चांगली, पण लय वेगळी, जरा चढी. पहिल्या रविवारी अर्ध्या भजनात लोकांनी टाळ खाली ठेवले. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं असणार. पोरगा मान खाली घालून वाजवत राहिला. पुढचे दोन रविवार त्याने हुबेहूब हवालदारांसारखं वाजवायचा प्रयत्न केला आणि ते तर आणखी वाईट झालं. मग सुभेदार साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, तुझ्या गावात कोणतं भजन म्हणतात? त्या रविवारी त्याच्या गावचं भजन झालं. त्याला तुलना नव्हती. पोरगा पहिल्यांदा मान वर करून वाजवत होता. हवालदारांच्या आवडीचं भजनही पुढे परत आलं, पण त्याच्या लयीत आलं, आणि काही महिन्यांनी लोकांनी टाळ त्या लयीला जुळवून घेतले.

बँडनेही साधारण हेच केलेलं दिसतं. २०१४ चा ‘तांदनु’ त्यांनी शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट अशा पाहुण्यांना घेऊन केला. २०२३ मध्ये ‘तू है’ आला. ही गाणी असीमनी कधी गायलेलीच नाहीत, मग तुलना कशाशी करणार? गंमत म्हणजे डावीकडच्या चौघांपैकी तिघे नेमके ही गाणी लागली तेव्हा चहा आणायला गेले. जुनं गाणं ऐकायचं आणि नव्या माणसाला नापास करायचं, नवं गाणं लागलं की उठून जायचं. म्हणजे परीक्षा अशी लावायची की पास होणं शक्यच नाही.

इंग्लंड-अमेरिकेतले रसिक या बाबतीत शहाणे आहेत असं समजू नका. तिथेही हेच चालतं. फ्रेडी मर्क्युरीनंतरच्या क्वीनबद्दल, चेस्टर बेनिंग्टननंतरच्या लिंकिन पार्कबद्दल काय काय बोललं गेलं! एसी-डीसीचं मात्र मला नवल वाटतं. बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात. मुखपृष्ठ काळं, सुरुवातीला घंटेचे टोल. शोक केला आणि लगेच कामाला लागले. जॉन्सनला स्कॉटची गाणीही गावी लागली, पण त्याच्या हातात पहिल्या दिवसापासून स्वतःची गाणी होती.

आणखी एक गोष्ट त्या चौघांना सांगायची राहून गेली. ज्या गाण्यांवरून एवढं चाललंय, ती मुळात एका गळ्याची होतीच कधी? ‘कंदिसा’ ही केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची प्रार्थना. ‘झिनी’ कबीराची. ‘मा रेवा’ नर्मदाकाठचं लोकगीत, नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेल्या राहुल राम यांच्यासोबत आलेलं. (धरणाबद्दल मी बोलणार नाही, वर्दीत आहे.) महूला कोर्सला असताना आम्ही एका रविवारी महेश्वरला गेलो होतो. घाटावर बायका नर्मदेचं काहीतरी गात होत्या, प्रत्येकीचा सूर आपापला. मागच्या पिढीतल्या कुणासारखं हे लागत नाही अशी तक्रार तिथे कोणी करत नव्हतं. किती गळ्यांतून ही गाणी करोल बागेपर्यंत आली असतील. असीमनी ती आपल्या पद्धतीने म्हटली, आधीच्यांसारखी नाही, म्हणून तर आपण त्यांच्या प्रेमात पडलो.

सुस्मितचं प्रकरण लोक वेगळ्या रागाने बोलतात, हेही मी पाहिलंय. असीम गेले, त्याला इलाज नव्हता. सुस्मित सोडून गेले, म्हणून त्यांच्या जागेवरच्या माणसाला जास्त सोसावं लागतं. निखिल रावांच्या गिटारबद्दल जेवढी कुरकुर ऐकली तेवढी तबल्याबद्दल ऐकली नाही. आमच्याकडेही वीरगती मिळालेल्याच्या जागी आलेल्याला सांभाळून घेतात. मुदतीआधी नाव कापून गेलेल्याच्या जागी जो येतो त्याला मात्र महिनोन्‌महिने टोमणे. त्याचा काय दोष, हे कोणी विचारत नाही. निखिल त्या संध्याकाळी एका जागी सुस्मितचं जुनं वळण सोडून सरळ आपल्या वाटेने गेले, दोन-तीन मिनिटं. मला ती जागा संपूर्ण कार्यक्रमात सगळ्यात आवडली. डावीकडून कोणीतरी “हे काय चाललंय” म्हणालं. उजवीकडची पोरगी डोळे मिटून उभी होती.

मार्चनंतर माझी बदली पूर्वेकडे होईल असं दिसतंय, तिथे हे बँड क्वचितच येतात. त्याआधी त्यांचा आणखी एक कार्यक्रम दिल्लीत मिळाला तर तिकीट काढणार आहे. चहा सुरुवातीलाच पिऊन घेईन.