विजेचे वाद्य आणि आपला कान

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळी आमच्या शाळेत एक लहानसा वाद उपस्थित झाला. प्रार्थनेस वाजणारी आमची पेटी बरीच जुनी. तिचा भाता फाटला आहे आणि मधल्या सप्तकातील दोन सूर मुके झाले आहेत. ती दुरुस्त करावी, की तिला रजा देऊन विजेवर चालणारा एक कीबोर्ड घ्यावा, असा प्रश्न पालकसभेपुढे आला. बहुतेकांचा कल कीबोर्डाकडे होता. एक सुशिक्षित पालक तर म्हणाले, "सर, आता मोबाइलला चार ओळी लिहून दिल्या की तो चाल लावून, साथीसह गाणे म्हणून दाखवितो. मग मुलांनी सारेगम घोटीत का बसावे?" सभेत हशा पिकला, परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांच्या वेळेची आणि स्वतःच्या कष्टाच्या पैशाची काळजी असल्यामुळेच पालक तो विचारतात. मी या शाळेत पदार्थविज्ञान शिकवितो आणि प्रार्थनेला पेटीही वाजवितो. तेव्हा दोन्ही बाजूंविषयी चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

नवे यंत्र परकीय आहे म्हणून त्याज्य, हे मत मला मान्य नाही. आज जिला आपण 'आपली' पेटी म्हणतो ती तरी मूळची कोठली? १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे हे पायाने भाता हाकण्याचे वाद्य मिशनरी आणि इतर युरोपियन लोकांबरोबर हिंदुस्थानात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता लावून, बैठकीत मांडी घालून वाजविता येईल असे रूप दिले. मग ते संगीत नाटकात शिरले, कीर्तनात शिरले, आणि अमरावती-अकोल्याकडील खेडोपाडीच्या भजनी मंडळांचे तर ते घरचेच झाले. नारायण वामन टिळकांची भजने आमच्या उपासनामंदिरांत ज्या पेटीवर म्हटली जातात, ती पेटीही याच वंशातली.

तथापि तिचे स्वागत सर्वांनी केले असे नव्हे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवरून बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. आक्षेप दोन होते. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला एकच सूर निघतो, म्हणून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, हा पहिला. तिचे सूर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसविलेले असतात, म्हणून ते आपल्या गळ्यातील सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत, हा दुसरा. दुसरा आक्षेप आकड्यांनी समजून घेण्याजोगा आहे. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे बरोबर ३०० कंपनांचा येतो. बारा समान भागांच्या पेटीवर तोच गांधार सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. फरक अडीच कंपनांचाही नाही. परंतु तंबोरा शेजारी लावून ऐका, म्हणजे तो कानाला खुपतो.

या अडचणीपुढे आपल्या मंडळींनी काय केले, ते विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी सुरांची मोजमापे घेऊन १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या विचाराला धरून श्रुतींची हार्मोनियम करविली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. त्यांचे सगळे म्हणणे विद्वानांना पटले नाही. परंतु तो प्रश्न तेथेच पडून राहिला नाही. आपल्याच काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजतील अशी हार्मोनियम सिद्ध केली. देवल असोत की ओक, त्यांनी पेटीला शिव्या दिल्या नाहीत, किंवा तिच्यापुढे मानही तुकविली नाही. त्यांनी ती उघडली, आत काय आहे ते पाहिले, आणि आपल्या कानाला पटेल अशी ती बदलण्याचा प्रयत्न केला.

विजेच्या वाद्यांविषयीही हीच दृष्टी हवी, असे माझे म्हणणे आहे. बाजारातला सामान्य कीबोर्ड म्हणजे बंद डबा होय. एक बटण दाबले की तबला वाजतो, दुसरे दाबले की सनई; परंतु तो आवाज कसा झाला याचा पत्ता लागत नाही. याच्या उलट जातीचे एक वाद्य आहे, त्यास मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला या दोघांनी १९६३-६४ च्या सुमारास, परस्परांहून स्वतंत्रपणे, ते घडविले. त्यात एकेक काम करणारे सुटे भाग असतात आणि वाजविणारा ते तारांनी हवे तसे जोडतो. ऑसिलेटर हा भाग कंपने उत्पन्न करतो. फिल्टर ही आवाजाची गाळणी. ती कर्कशपणा गाळून मऊपणा ठेवते, किंवा याच्या उलटही करते. तिसरा भाग आवाज किती वेगाने चढावा आणि कसा विरावा ते ठरवितो. तबल्यावरची थाप क्षणात उमटते आणि लगेच विरू लागते. पेटीचा सूर भाता हलतो तोपर्यंत टिकतो. हा भेद ज्याला कळला, त्याला वाद्यांच्या आवाजाचे अर्धे मर्म कळले.

मूगच्या पद्धतीत सुराची उंची विजेच्या दाबाने ठरते: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे २४० कंपनांचा षड्ज एका व्होल्टने ४८० वर जातो. त्या एका व्होल्टचे बारा समान भाग पाडावेत, असा विजेचा काही हट्ट नाही. ती सवय पट्ट्यांची आहे. दाब हळूहळू वाढविला तर सूर घसरत चढतो, आणि हवा तेथे थांबविता येतो. ज्या दोन उणिवांसाठी रेडिओने पेटीला दाराबाहेर ठेवले, त्या दोन्ही या वाद्यात मुळातच नाहीत.

असे हे वाद्य आपल्या शेजारच्या गुजराथेत फार लवकर आले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूगचे मॉड्युलर यंत्र उभे करून दिले. त्यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. तेथे काही भारतीयांनी १९७२ पर्यंत नवनवे ध्वनी रचले. पुढे ते काम थांबले आणि ध्वनिफिती कपाटात पडून राहिल्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस या इंग्लंडमधील कलावंताच्या त्या दृष्टीस पडल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मुंबईतही असेच घडले. चित्रपटांत वादन करणारे चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये जपानी सिंथेसायझरांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तिचे फारसे कौतुक झाले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले. या दोन्ही गोष्टींचे मला वाईट वाटते. यंत्र आले, ते वापरणारी बुद्धीही होती. परंतु शाळाशाळांतून ते कोणी शिकविले नाही, म्हणून मागे शिष्य राहिले नाहीत.

त्या काळी कारणही होते. ते यंत्र संस्थानिकालाच परवडावे असे महाग. आज ती सबब उरली नाही. जर्मनीच्या डीटर डेप्फर यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात लहान भागांची युरोरॅक पद्धत काढली. पुढे अनेक कारखान्यांनी ती उचलली आणि कोणाचाही भाग कोणाच्याही चौकटीत बसू लागला. २०१७ पासून तर व्हीसीव्ही रॅक नावाची संगणकावरची प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यात पडद्यावरच तारा जोडून हे संपूर्ण वाद्य मांडता येते. शाळेच्या साध्या संगणकावरही तिचा अभ्यास सुरू करता येईल.

याहूनही स्वस्त मार्ग एका विद्यार्थ्याने मला दाखविला. दहावीतील हा मुलगा गाण्यात फारसा पुढे नाही. त्याने विज्ञानप्रदर्शनासाठी ५५५ क्रमांकाची चिप, दोन रोध, एक कंडेन्सर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक छोटा स्पीकर जोडून आवाज काढला. ही चिप १९७२ पासून बाजारात आहे आणि सगळे सामान दोन-अडीचशे रुपयांच्या आत येते. एका रोधाच्या जागी फिरकीचा रोध लावताच आवाज वरखाली घसरू लागला. आम्ही तो पेटीच्या षड्जाशी जुळविला. मग फिरकी हळूहळू फिरविता फिरविता तो दोन पट्ट्यांच्या मधोमध थांबला आणि म्हणाला, "सर, हा सूर पेटीवर कुठे आहे?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग पेटी अपुरी आहे का?" वीस वर्षांच्या नोकरीत पेटीविषयी असा प्रश्न मला कोणत्याही मुलाने विचारला नव्हता. त्यानंतर आठवडाभर तो मधल्या सुटीत येऊन सूर ओळखण्याचा सराव करीत होता. कोणी त्याला सांगितले नव्हते.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. चार ओळींवरून गाणे रचून देणारी यंत्रे खरोखरच निघाली आहेत, आणि त्यांची करामत मी नाकारीत नाही. परंतु यंत्राने दिलेल्या दहा चालींतून चांगली कोणती आणि टाकाऊ कोणती, हे कोण ठरविणार? ते ठरविण्यास कान लागतो, आणि कान सारेगम घोटूनच तयार होतो. पोटापाण्याचे म्हणाल, तर घरच्या संगणकावर संगीत सिद्ध करणे हा आज खराच व्यवसाय आहे. त्यातही वरचढ ठरतात ते जाणकारच. अजय-अतुल या मराठी संगीतकार बंधूंना हवी ती सगळी यंत्रे हाताशी होती. तरी २०१६ च्या 'सैराट'साठी त्यांनी अमेरिकेत जाऊन वादकांचा जिवंत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. यंत्र कोठे पुरेसे आहे आणि कोठे नाही, याचा निवाडा त्यांच्या कानाने केला.

उलट साधन अगदी लहान असले तरी अडत नाही, याची साक्ष आपल्या वऱ्हाडाने पाहिली आहे. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी होती. एक लाकडी कडे आणि त्यावर ताणलेले कातडे, एवढेच ते वाद्य. परंतु ते पूर्ण त्यांच्या ताब्यात होते, आणि त्यावर त्यांनी हजारोंचे समुदाय डोलविले. बटण दाबून वाजणाऱ्या कीबोर्डात नेमका हा ताबाच मुलाच्या हाती येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जमलेल्या पैशातून प्रथम पेटीचा भाता आणि मुके सूर दुरुस्त करावेत, म्हणजे मुलांच्या कानाला आधार राहील. उरलेल्या रकमेतून वीस-पंचवीस मुलांना पुरेल एवढे चिपा, रोध, स्पीकर इत्यादी सामान आणावे, आणि शाळेच्या संगणकांवर ती विनामूल्य प्रणाली बसवावी. विज्ञानाच्या तासाला सूर घडवावा आणि संगीताच्या तासाला तोच गळ्यावर ताडून पाहावा. एवढे झाल्यावरही कीबोर्ड हवासा वाटला तर अवश्य घ्यावा; मी आड येणार नाही. मग त्याची बटणे आपल्या मुलांना चकविणार नाहीत.

पालकांना एक विनंती आहे. घरातला बंद पडलेला रेडिओ किंवा स्पीकर भंगारवाल्याला देण्यापूर्वी मुलाच्या हाती द्या. विजेपासून तो सोडविलेला आहे, याची तेवढी खात्री करून घ्या. आणि विद्यार्थिमित्रहो, मोबाइलवरचे गाणे आवडले तर एकदा डोळे मिटून त्यातला षड्ज शोधा आणि तो गळ्याने धरून पाहा. सापडला नाही, तर मधल्या सुटीत पेटीच्या खोलीत या. दोन सूर मुके आहेत, पण षड्ज अजून चांगला वाजतो.