कै. नारायणराव लोखंडे आणि त्यांचे सोबती

रविवारची सुटी घेणाऱ्या आपल्या घरांपैकीं किती घरांत नारायण मेघाजी लोखंडे हें नांव ठाऊक आहे? शंभरांत पांच म्हणावीं तरी धाडसच होईल.

कृष्णराव भालेकर यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं पुण्यास 'दीनबंधु' पत्र काढलें. पदरचे पैसे गेले, वर्गणी वसूल होईना, तीन वर्षांत हात टेकण्याची पाळी आली. १८८० सालीं लोखंड्यांनीं तें पत्र मुंबईस नेलें आणि मरेपर्यंत चालविलें. एका सोबत्याचा खांदा थकला तेव्हां दुसऱ्यानें खांदा दिला. पत्र चालविणें म्हणजे काय, हें ज्यानें कागदवाल्याचें देणें अंगावर घेतलें आहे त्यालाच कळेल!

लोखंडे हे गिरणींत स्टोअरकीपर होते. मजूर पहांटे आंत शिरतो आणि दिवेलागणीला बाहेर पडतो, सातही दिवस, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १८८४ सालीं परळास सभा भरवून त्यांनीं साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढें ठेवला. मागणें तरी काय होतें? रविवारीं विसावा, दुपारीं अर्ध्या तासाची सुटी, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई. सहा वर्षें झगडून १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवार मान्य केला.

जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचा स्नेह होता, पण तो होयबाचा नव्हता. 'शेतकऱ्याचा असूड' मधील आरंभींचीं दोन प्रकरणें 'दीनबंधू'ंत छापून पुढचीं थांबविलीं गेलीं. जोतीरावांस तें मुळींच रुचलें नाहीं. सरकार रुष्ट झालें तर मजुरांचें पत्र बुडेल, असा लोखंड्यांनीं हिशेब केला असावा. आमच्या मतें जोतीरावांचेंच खरें होतें. पण मैत्री तुटली नाहीं. १८८८ च्या मे महिन्यांत मांडवी कोळीवाड्यांत जोतीरावांस 'महात्मा' ही पदवी अर्पण झाली, तेव्हां त्या मंडळींत लोखंडे होतेच. एवढ्या तेवढ्यावरून तट पाडणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनीं हें जरा मनावर घ्यावें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. ज्यांस पळतां आलें ते पळाले. लोखंडे रोग्यांची व्यवस्था करीत राहिले व फेब्रुवारी १८९७ मध्यें त्याच रोगानें गेले. महिन्याभरांत, १० मार्चला, पुण्यास सावित्रीबाईही त्याच सेवेंत गेल्या. जोतीराव सहा वर्षें आधींच गेले होते. भालेकर १९१० पर्यंत राहिले. आपल्या पत्राचा सांभाळ करणारा गडी गेल्यावर त्या घरीं काय वाटलें असेल!

२००५ सालीं सरकारनें लोखंड्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें. ठीक झालें. परंतु त्यांच्या हातचे 'दीनबंधू'चे अंक आज फारच थोडे हातीं लागतात. कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेंत, पोथीच्या बासनांत जुना अंक असेल तर तो रद्दींत घालूं नका. जवळच्या सार्वजनिक वाचनालयांत नेऊन द्या आणि पोंच घ्या.