सेवा जलाशयांची पर्यावरणीय छाननी : आक्षेप आणि उत्तर

धरण आणि नळ या दोहोंमध्ये उभा असणारा, आणि बहुधा म्हणूनच सार्वजनिक चर्चेत क्वचित येणारा, नागरी पाणीपुरवठ्याचा घटक म्हणजे सेवा जलाशय, अर्थात शुद्धीकरण केंद्रातून सतत येणारे पाणी काही तास साठवून ठेवून ठरलेल्या वेळी गुरुत्वाकर्षणाच्या बळावर वस्तीत सोडणारी टाकी. मुंबईसारख्या शहरात, जिथे धरणांतून पाणी अहोरात्र येते पण बहुतेक घरांना ते दिवसातले काही तासच मिळते, तिथे या टाक्यांवाचून वितरण चालूच शकत नाही. मलबार टेकडीवर फिरोजशहा मेहता उद्यानाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या हँगिंग गार्डनच्या, हिरवळीखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बांधलेला आणि सुमारे १४७ दशलक्ष लिटर पाणी मावणारा जलाशय हा त्यांपैकी एक असून दक्षिण मुंबईचा मोठा भाग त्यावर अवलंबून आहे. अशी टाकी नव्याने बांधायची झाल्यास तिची पर्यावरणीय छाननी आधी व्हावी की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

छाननी नको म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. पहिला मुद्दा कायद्याचा आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या अधिसूचनेने पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचे हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी आणि माणसे यांवर होणारे परिणाम तो सुरू होण्यापूर्वी तपासण्याची पद्धत, ज्या प्रकल्पांना बंधनकारक केली त्यांची सूची तिला जोडलेली आहे. त्या सूचीत खाणी, औष्णिक वीज केंद्रे, नदीखोरे प्रकल्प आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राचे इमारत प्रकल्प आहेत, पण पिण्याच्या पाण्याच्या टाक्या असा प्रकार नाही. दुसरा मुद्दा असा की टाकीतून धूर निघत नाही, सांडपाणी वाहत नाही आणि गावे बुडत नाहीत. तिसरा मुद्दा निकडीचा : पाणी ही चैन नव्हे, आणि कागदपत्रांच्या फेऱ्यात वर्षे गेली तर त्याची झळ टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला लागते. चौथा मुद्दा झाडांची भरपाई करता येते हा, आणि पाचवा, जो उघडपणे कमी पण खासगीत फार बोलला जातो, तो असा की टाक्यांना विरोध करणारे लोक भरल्या पोटाचे असतात.

यांपैकी कायद्याचा मुद्दा सर्वांत लवकर निकालात निघतो. केंद्राची सूची ही मोठ्या प्रकल्पांसाठी घातलेली किमान मर्यादा आहे, आणि सूचीत नसलेल्या कामाची चौकशी करण्यास ती कोणत्याही महानगरपालिकेला मनाई करत नाही. सूचीत नाव नाही याचा अर्थ दिल्ली विचारत नाही एवढाच होतो, परिणाम नाहीत असा नव्हे. शिवाय परिणाम नाहीत ही समजूत टाकीला केवळ चालू अवस्थेत पाहिल्यामुळे होते. बांधकामाच्या काळात उताराचे खोदकाम, राडारोड्याची वाहतूक, अरुंद रस्त्यांवरून काँक्रीटचे मिक्सर आणि टाकी निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या, नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक क्लोरीन असलेल्या पाण्याची विल्हेवाट हे सारे येते. ते पाणी क्लोरीन निष्प्रभ न करता पर्जन्यवाहिनीत सोडले तर जिथे ती वाहिनी रिकामी होते तिथल्या ओढ्याला किंवा खाडीला त्याचा त्रास होतो. सिमेंटचा हिशेबही यात धरला पाहिजे, कारण जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे आणि जलरोधक टाकीच्या काँक्रीटला सिमेंट सढळ हाताने लागते.

मलबार टेकडीच्या प्रकरणात या प्रश्नाची सगळी अंगे एकत्र आली, म्हणून त्यावर अधिक थांबणे आवश्यक आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने जुना जलाशय पाडून त्या जागी सुमारे १९१ दशलक्ष लिटरचा नवा बांधण्याची योजना आखली. खर्चाचा आकडा ६९८ कोटी रुपयांच्या आसपास होता आणि ३८९ झाडे बाधित होणार होती. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून प्रशासकाचा कारभार सुरू झालेला असल्याने नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती, आणि म्हणून जो प्रश्न एरवी सभागृहात कोणीतरी विचारला असता तो २०२३ मध्ये रहिवाशांनी विचारला. झाडे तोडण्यापूर्वी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते आणि झाडावरही ती लावावी लागते; पालिकेच्या एखाद्या कामाची पहिली वार्ता नागरिकाला बुंध्यावर चिकटवलेल्या कागदातून कळावी, आणि तोवर आराखडा, निविदा व कंत्राट यांचा बराच प्रवास झालेला असावा, हा क्रम मुळातच उलटा आहे.

आक्षेपांनंतर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, पालिकेचे अभियंते आणि नागरिकांच्या बाजूचे तज्ज्ञ यांची समिती नेमली गेली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये जलाशयात उतरून पाहणी झाली. ही पाहणी म्हणजे नुसती भेट नव्हे. जलाशय कप्प्यांत विभागलेला असल्याने एक कप्पा रिकामा करून इतरांवर पुरवठा चालवावा लागतो. मग छत तोलणारे खांब, भिंतींचे सांधे, तळ आणि छताची खालची बाजू यांवर गंजाचे डाग, सुटलेले काँक्रीट किंवा झिरप कुठे आहे हे दिव्याच्या उजेडात तपासावे लागते, आणि वर मातीचा थर व बाग असल्याने छतात मुरणारे पाणी कुठून येते हेही शोधावे लागते. समितीत एकमत झाले नाही. काही सदस्यांना दुरुस्ती पुरेशी वाटली, तर आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी दुरुस्ती चालू असताना पुरवठा खंडित होऊ नये म्हणून आधी अतिरिक्त टाकी बांधण्याची गरज मांडली. पुढे आयआयटी रुरकीकडे काम सोपवले गेले, आणि त्यांनीही पाडून बांधण्याऐवजी दुरुस्तीचा पर्याय पुढे ठेवला.

या घटनाक्रमातून निघणारा निष्कर्ष दोन्ही पक्षांना सारखाच अडचणीचा आहे. ‘झाडे वाचवा’ ही घोषणा प्रभावी ठरली असली तरी निर्णय तिच्यावर फिरलेला नाही. तो जलाशयाच्या आतल्या स्थितीवर फिरला. जलाशय खरोखरच कोसळण्याच्या बेतात असता, तर ३८९ झाडांसाठी लाखो लोकांचा पुरवठा धोक्यात घालणे कोणत्याही नीतीत बसले नसते, आणि हे झाडांच्या कैवाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे. पर्यावरणीय छाननीचा गाभा वृक्षगणना हा नसून पर्यायांचा विचार हा आहे : काम आवश्यक आहे काय, याच जागी आवश्यक आहे काय, आणि कमी मोडतोडीत होण्यासारखे आहे काय. २००६ च्या अधिसूचनेने मूल्यांकन अहवालाचा जो साचा दिला आहे त्यातही जागा आणि तंत्रज्ञान यांच्या पर्यायांचे स्वतंत्र प्रकरण आहे. हे प्रकरण आधी लिहिले गेले असते तर वाद टळला असता, नव्हे, तो योग्य वेळी झाला असता.

भरपाईच्या युक्तिवादात हिशेब बरोबर असून भूगोल चुकलेला असतो. १९७५ च्या वृक्ष अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली, ही स्तुत्य गोष्ट आहे; पण ती रोपे जिथे जागा मिळेल तिथे लावली जातात, आणि दूरच्या भूखंडावरचे रोप मलबार टेकडीची माती धरून ठेवू शकत नाही. ऑगस्ट २०२० मधल्या अतिवृष्टीत याच टेकडीचा उतार खचून खालच्या रस्त्याची हानी झाली होती. अशा उतारावरचे मूळ आणि माती यांचे नाते भूवैज्ञानिकाने तपासायचे असते, उद्यान खात्याने नव्हे.

निकडीचा मुद्दा तर छाननीच्याच बाजूने जातो. मलबार टेकडीवर वेळ गेला तो तपासणीमुळे नव्हे, तपासणी उशिरा केल्यामुळे गेला. जी पाहणी २०२३ च्या अखेरीस झाली ती निविदेपूर्वी झाली असती तर दुरुस्तीचे काम केव्हाच मार्गी लागले असते. कंत्राट दिल्यानंतर प्रश्न विचारणे हे आजारी माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतल्यानंतर निदान करण्यासारखे आहे.

राहता राहिला भरल्या पोटाचा मुद्दा. मलबार टेकडीवरचे आक्षेपक सधन आहेत हे खरे, आणि त्याच जलाशयाचे पाणी गिरगावच्या चाळींतही जाते हेही खरे. परंतु आक्षेप घेणाऱ्याच्या संपत्तीवरून आक्षेपाचा खरेखोटेपणा ठरत नाही. किंबहुना या मुद्द्याचा उलटा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. छाननी नियमाने होत नाही म्हणून ती वशिल्याने होते : ज्यांना वकील परवडतो, ज्यांच्या बातमीला वर्तमानपत्रात जागा मिळते आणि ज्यांच्या दारी मंत्री येतात, त्यांच्या टेकडीवर समिती नेमली जाते, आणि जिथे असे कोणी नाही तिथे मैदान खणून टाकी उभी राहते, कोणाला पत्ताही लागत नाही. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत ८२ साठवण टाक्यांचे नियोजन झाले. त्यांपैकी एकेक टाकी पाहिली तर परिणाम किरकोळ वाटेल, पण शहरभरच्या मैदानांचा, टेकड्यांचा आणि सिमेंटचा एकत्रित विचार करायचा तर तो योजना कागदावर असतानाच करावा लागतो, आणि तो करून घेण्याइतका प्रभाव प्रत्येक पेठेकडे किंवा उपनगराकडे नसतो.

तेव्हा मंडन करायचे ते मोजक्या आकाराच्या छाननीचे. धरणासाठी लागते तसे शेकडो पानांचे मूल्यांकन टाकीवर लादणे हे वेळेचा आणि सल्लागारांच्या शुल्काचा अपव्यय ठरेल. काही महिन्यांत पुरे होईल असा एक अहवाल पुरेसा आहे, आणि त्यात जुन्या टाकीची आतून केलेली तपासणी, गळती रोखून नव्या साठ्याची गरज किती घटते याचा आकडा, जमिनीची व उताराची स्थिती, पर्यायी जागा आणि बांधकामकाळातील पाण्याची व राडारोड्याची व्यवस्था एवढे यावे. तो मराठीत, निविदेपूर्वी, प्रभाग कार्यालयात व संकेतस्थळावर ठेवून हरकती मागवाव्यात. यासाठी संसदेचा कायदा बदलावा लागत नाही. महानगरपालिकेचा एक ठराव पुरतो, आणि राज्यातील प्रत्येक महानगरपालिकेने तो पुढच्या टाकीची निविदा काढण्यापूर्वी करावा.