चव चालते, माणूस चालत नाही!

"आता कुठे राहिली जात? हॉटेलात सगळे एकाच टेबलावर जेवतात!" हे वाक्य आम्ही कोर्टाच्या कँटीनमध्ये शिकल्यासवरल्या वकिलांच्या तोंडून वारंवार ऐकतो. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये स्पष्ट केले होते. ज्यांना ते अजून पटत नाही त्यांनी अमेरिकेतल्या मेक्सिकन माणसाची हकीकत वाचावी.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या चौकात मेक्सिकन बाया उघड्यावर टेबले मांडून तिखट 'चिली' विकत. गोरे प्रवासी ती मिटक्या मारत खात. त्याच टेक्सासातल्या जॅक्सन काउंटीत एका उपाहारगृहाबाहेर पाटी होती, 'मेक्सिकनांना येथे वाढले जात नाही.' ही ऐकीव गोष्ट नव्हे. हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पाटीची नोंद घेतली आहे. सरकार पक्ष म्हणत होता, मेक्सिकन गोरेच गणले जातात, मग भेदभाव कसला? 'आपण सगळे हिंदूच' हा युक्तिवाद आम्हाला नवा नाही!

पण आम्हाला सांगायचे आहे ते कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्डिनो शहरातील 'मितला कॅफे'बद्दल. लुसिया रॉड्रिग्ज या बाईने मेक्सिकन वस्तीत हे हॉटेल १९३७ साली काढले. (चवदार तळ्याच्या खटल्याचा मुंबई हायकोर्टाचा अंतिम निकालही १९३७ चाच.) शहरातला सार्वजनिक पोहण्याचा तलाव मेक्सिकनांना बंद होता. कर तेही भरत, पण पाण्यात उतरायचे नाही! पाणी कोणाच्या स्पर्शाने बाटते, हा प्रश्न केवळ मनूच्या देशापुरता नाही. मितलाच्या टेबलांवर वस्तीतले कार्यकर्ते जमू लागले. 'एल एस्पेक्तादोर' या स्पॅनिश पत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ पुढे झाले, डेव्हिड मार्कस यांनी वकीलपत्र घेतले आणि १९४४ साली लोपेझ विरुद्ध सेकोम्ब या खटल्यात फेडरल कोर्टाने तलाव खुला केला. वस्तीतले हॉटेल, समाजाचे वृत्तपत्र आणि कायदा जाणणारा माणूस एवढे भांडवल होते. ज्यांच्या घरी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चा वारसा आहे त्यांना अधिक सांगायला नको.

पुढे काय झाले? रस्त्यापलीकडे ग्लेन बेल नावाच्या गोऱ्या माणसाची हॉटडॉगची टपरी होती. मितलातले टाको खाऊन, ते कसे करतात हे पाहून त्याने स्वतः टाको विकायला घेतले आणि १९६२ साली 'टाको बेल' काढले. त्याची दुकाने आज आपल्या मॉलमध्येही आहेत. मितला मात्र वस्तीचे हॉटेलच राहिले.

भारतात उपाहारगृह आणि तळे, दोन्हींची दारे संविधानाच्या एकाच कलमाने उघडली, कलम १५(२). अमेरिकेत खाजगी हॉटेलांसाठी असा देशव्यापी कायदा १९६४ साली झाला, म्हणजे आपल्यानंतर चौदा वर्षांनी. गिऱ्हाईक म्हणून आत जाण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. गल्ल्यावर बसण्याचे काय? शहरात 'ब्राह्मणी भोजन' अशी पाटी राजरोस लागते. आमचा माणूस हॉटेल टाकतो तेव्हा मात्र आडनाव पाटीवर येत नाही, बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत जातो. गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती. त्याला आम्ही दोष देणार नाही. कर्जाचा हप्ता त्यालाच भरायचा आहे. पण समाजानेही स्वतःला विचारावे, लग्नाच्या पंगतीचे काम आपण त्याला देतो का? बैठकीनंतरचा चहा त्याच्याकडे पितो का?

ज्या हॉटेलवाल्यांची तयारी असेल त्यांनी रविवारी सकाळी दोन तास एक टेबल कायदेसल्ल्यासाठी मोकळे ठेवावे. आम्ही वकील मंडळी येऊन बसू. चहाचे पैसे आम्ही देऊ.